होडी जोरात पळतेय, तरी मागे का पडते? फोनच्या ट्रॅकमधून उत्तर शोधूया

सप्टेंबर २०२३. हांगचौ आशियाई स्पर्धा. शिडाच्या होड्यांच्या आयएलसीए-७ प्रकारात भारताच्या विष्णू सरवणनला कांस्यपदक मिळालं. त्याचे गुण होते ३४, आणि रौप्यपदक मिळवणाऱ्या कोरियाच्या खेळाडूचे ३३.

या खेळात गुण जितके कमी तितके चांगले. शर्यतीत पहिला आलात तर १ गुण, पाचवा आलात तर ५. अशा बऱ्याच शर्यती होतात, सगळ्यात वाईट शर्यतीचे गुण सोडून देतात आणि बाकीच्यांची बेरीज करतात. म्हणजे रौप्य आणि कांस्य यांच्यात फरक होता एका गुणाचा. एका शर्यतीतल्या एका क्रमांकाचा!

विष्णू मूळचा तमिळनाडूचा, पण लष्कराचं आर्मी यॉटिंग नोड हे त्याचं सरावाचं ठिकाण आपल्या मुंबईत, कुलाब्याला आहे. त्याच स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए-४ प्रकारात रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर तर मध्य प्रदेशातल्या देवासची. देवासला समुद्र नाही. ती भोपाळच्या तलावावर होडी चालवायला शिकली. मी नांदुऱ्याचा. आमच्याकडे हायवेला १०५ फुटी हनुमान आहे, रेल्वे स्टेशन आहे, पण समुद्र पाचशे किलोमीटरच्या आसपास लांब. तरी देवासची मुलगी हे करू शकते म्हटल्यावर हा खेळ फक्त मुंबईवाल्यांचा नाही, हे मान्य करायला हरकत नाही.

आता प्रश्न असा: ‘तो एक क्रमांक’ नेमका कुठे जातो? सुरुवातीला? वळताना? चुकीच्या बाजूला गेल्यामुळे? पूर्वी याचं उत्तर कोच किनाऱ्यावरून किंवा मोटरबोटीतून बघून सांगायचा. आज तुमच्या खिशातला फोन दर सेकंदाला होडी कुठे होती ते लिहून ठेवू शकतो. पण यात एक मोठी गंमत आहे. फोन स्क्रीनवर जो आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात दाखवतो, म्हणजे वेग, तोच या खेळात सगळ्यात जास्त फसवतो. कसा ते टप्प्याटप्प्याने बघू.

फोनला नेमकं काय कळतं?

आधी एक गैरसमज दूर करू. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन फक्त उपग्रहांचे सिग्नल ऐकतो आणि ते पोचायला किती वेळ लागला यावरून स्वतःची जागा काढतो. नेटवर्क असेल तर सुरुवातीला जागा लवकर सापडते, एवढंच. त्यामुळे खोल समुद्रात एकही टॉवर नसताना ट्रॅक व्यवस्थित नोंदला जातो.

ट्रॅक म्हणजे काय? एक साधी यादी. प्रत्येक ओळीत वेळ, अक्षांश आणि रेखांश. सेकंदाला एक नोंद धरली तर एका तासाच्या शर्यतीत ३६०० ओळी. बहुतेक अ‍ॅप्स ही यादी जीपीएक्स नावाच्या फाईलमध्ये देतात. ती फाईल म्हणजे साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्येही उघडते.

अचूकता किती? उघड्या आकाशाखाली चांगला फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो. पाण्यावर इमारती नसतात, झाडं नसतात, त्यामुळे तिथे जीपीएसची मजाच असते. तरी आयएलसीए होडीची लांबी जेमतेम ४.२ मीटर आहे हे लक्षात घ्या. म्हणजे फोनची चूक एका अख्ख्या होडीएवढी असू शकते. ‘मी रेषा आधी ओलांडली की त्याने?’ हे भांडण फोन मिटवू शकत नाही.

मग उपयोग काय? दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. एक, ही चूक दर सेकंदाला कशीही उड्या मारत नाही. आत्ता फोन तुम्हाला ३ मीटर उत्तरेला दाखवत असेल तर पुढच्या सेकंदालाही साधारण तेवढाच उत्तरेला दाखवतो. म्हणून ट्रॅक थोडा सरकलेला असला तरी त्याचा *आकार* बरोबर येतो. दोन, वेग काढताना फोन फक्त दोन जागांमधलं अंतर मोजत बसत नाही. उपग्रहाच्या सिग्नलची वारंवारता किती बदलली (रेल्वेचा भोंगा जवळ येताना आणि लांब जाताना वेगळा ऐकू येतो, तोच डॉप्लर परिणाम) यावरून तो वेग थेट काढतो. त्यामुळे वेगाचा आकडा जागेच्या आकड्यापेक्षा बराच विश्वासाचा असतो.

सरळ जाताच येत नाही, ही खरी अडचण

बाईक, सायकल, धावणं या सगळ्यांत वेग जास्त म्हणजे आपण पुढे. शिडाच्या होडीत तसं नाही, कारण होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊच शकत नाही. नाक वाऱ्याकडे केलं की शीड फडफडतं आणि होडी थांबते. मग वाऱ्याकडे ठेवलेल्या बोयापर्यंत पोचायचं कसं? तिरकं जायचं. आधी डावीकडे तिरकं, मग वळून उजवीकडे तिरकं, असं नागमोडी. घाटात रस्ता सरळ चढता येत नाही म्हणून वळणं घेतो ना, अगदी तसंच.

आता इथे निवड करावी लागते. वाऱ्यापासून थोडी जास्त लांब दिशा धरली तर होडी जोरात पळते, पण रस्ता लांब होतो. वाऱ्याला जास्त चिकटून गेलात तर रस्ता छोटा, पण वेग कमी. यातला सुवर्णमध्य दाखवणाऱ्या आकड्याला व्हीएमजी म्हणतात. मराठीत ‘वाऱ्याकडची प्रगती’ म्हणू. सूत्र शाळेतलंच आहे: वेग गुणिले कोनाचा कोसाइन.

समजा, दोन होड्या आहेत. (समुद्रावर वेग नॉटमध्ये मोजतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.)

- पहिली होडी: वेग ५ नॉट, वाऱ्यापासून कोन ४८ अंश. वाऱ्याकडची प्रगती ३.३५ नॉट.
- दुसरी होडी: वेग ४.७ नॉट, कोन ४२ अंश. वाऱ्याकडची प्रगती ३.४९ नॉट.

बोया वाऱ्याच्या दिशेने १ किलोमीटरवर असेल तर पहिली होडी सुमारे ५८१ सेकंदांत पोचते आणि दुसरी ५५७ सेकंदांत. म्हणजे *हळू* पळणारी होडी २४ सेकंद आधी! अंतरात सांगायचं तर ४० मीटरहून जास्त, म्हणजे दहा होड्यांच्या लांबीएवढी आघाडी. आणि पहिल्या होडीवाल्याच्या फोनवर मात्र मस्त मोठ्या अक्षरात ‘५.०’ झळकत होतं. तो खूश होता.

आयएलसीए होड्या एका साच्यातून काढल्यासारख्या सारख्या असतात. होडी तीच, शीड तेच. त्यामुळे असा फरक आला की दोष होडीला देता येत नाही. तो सुकाणू धरणाऱ्या हाताचा असतो.

वाऱ्याची दिशा फोनला कोण सांगणार?

हुशार वाचकाला इथे शंका येईल. फोनमध्ये वारा मोजायचा सेन्सर नाही, मग तो कोन कुठून आणायचा? उत्तर ट्रॅकमध्येच लपलेलं आहे.

होडी दोन्ही बाजूंना वाऱ्याशी साधारण सारखाच कोन करून जाते. म्हणून एका बाजूची दिशा आणि दुसऱ्या बाजूची दिशा घ्या, मधोमध वारा. उदाहरणार्थ, एका बाजूला जाताना ट्रॅक २५८ अंश दाखवतो आणि वळल्यावर ३४२ अंश. मधला आकडा ३००. म्हणजे वारा वायव्येकडून, ३०० अंशांवरून येतोय. दोन्हींमधला फरक ८४, म्हणजे प्रत्येक बाजूला कोन ४२.

पंधरा मिनिटांनी बघितलं तर तेच आकडे २६८ आणि ३५२ झालेत. म्हणजे वारा १० अंश उजवीकडे वळला. हे दहा अंश किरकोळ वाटतात, पण हिशेब करून बघा. दोन होड्या एकमेकींपासून आडव्या २०० मीटर लांब असतील आणि वारा १० अंश वळला, तर ज्या बाजूला वारा वळला त्या बाजूच्या होडीला बसल्या जागी सुमारे ३५ मीटरची आघाडी मिळते. तिने काही केलेलं नसतं, फक्त योग्य बाजूला होती.

मुंबईच्या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, हे आपण भूगोलात शिकलोय. पण तो नेमका किती वाजता फिरतो, फिरताना आधी कुठल्या बाजूला झुकतो, हे पुस्तकात नसतं. महिनाभराचे ट्रॅक साठवले आणि प्रत्येकातून वाऱ्याची दिशा अशी काढून एका शीटमध्ये लिहीत गेलात, तर तुमच्या पाण्याचा स्वभाव तुमच्या हातात येतो. मला विचाराल तर फोनच्या डेटाचा हा सगळ्यात मोठा फायदा.

प्रत्येक वळणाची किंमत

नाक वाऱ्यातून फिरवून होडी दुसऱ्या बाजूला घेणं याला टॅक म्हणतात. टॅक करताना क्षणभर शीड काम करत नाही, म्हणून वेग पडतो. किती पडतो आणि परत यायला किती वेळ लागतो, हे डोळ्यांना नीट कळत नाही. फोनला कळतं.

समजा, टॅकच्या वेळी दर सेकंदाचा वेग असा नोंदला गेला: ५, ४, ३, २, २, ३, ४, ५ नॉट. नेहमीच्या ५ नॉटपेक्षा प्रत्येक सेकंदाला किती कमी? ०, १, २, ३, ३, २, १, ०. बेरीज १२. एक नॉट म्हणजे सेकंदाला ०.५१४ मीटर. १२ गुणिले ०.५१४, म्हणजे सुमारे ६ मीटर. एका टॅकची ढोबळ किंमत ६ मीटर, म्हणजे दीड होडी.

एका शर्यतीत दहा टॅक केले तर ६० मीटर गेले. सराव करून प्रत्येक टॅकमध्ये दोन मीटर वाचवले तर शर्यतीत २० मीटर वाचतात. या सहा मीटरवर फोनच्या पाच मीटर चुकीचा परिणाम होत नाही का? फारसा नाही, कारण आपण हे जागेवरून नाही, वेगावरून काढलं.

हाच हिशेब सुरुवातीलाही लावा. सुरुवातीचा सिग्नल झाला त्या सेकंदाला तुमचा वेग किती होता? शेजारची होडी ५ नॉटवर असताना तुम्ही २ वर असाल आणि वेग पकडायला आठ सेकंद लागले, तर तिथेही सहा मीटर गेले. वर शेजारच्या शिडाने खराब केलेला वारा तुमच्या वाट्याला येतो, म्हणजे तोटा पुढेही चालूच राहतो.

भरती-ओहोटी आणि रेल्वेचा डबा

आता सगळ्यात मोठा घोटाळा. फोन जो वेग दाखवतो तो जमिनीच्या हिशेबाने असतो, पाण्याच्या नाही.

हे समजायला नांदुरा ते शेगाव रेल्वेने जाऊ. गाडी ताशी ८० किलोमीटरने शेगावकडे चालली आहे. तुम्ही डब्यातून मागच्या दिशेने, म्हणजे नांदुऱ्याकडे, ताशी ४ किलोमीटरने चालायला लागलात. फोन काय म्हणेल? ‘ताशी ७६ किलोमीटरने शेगावकडे.’ तुम्ही नांदुऱ्याकडे चालताय हे त्याच्या गावीही नाही! तुमची मेहनत आणि गाडीची चाल, दोन्ही एकाच आकड्यात मिसळली.

समुद्रात पाणी हीच ती गाडी. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक चार मीटरच्या वर जाऊ शकतो. एवढं पाणी काही तासांत आत येतं आणि बाहेर जातं, म्हणजे ते वाहतंच. प्रवाह १ नॉटचा धरला तर होडी पाण्यात ५ नॉटनेच चालत असताना फोन प्रवाहाबरोबर ६ दाखवतो आणि प्रवाहाविरुद्ध ४. ‘आज मी कालपेक्षा भारी चालवली’ असं वाटतं, आणि खरं तर आज ओहोटी तुमच्या बाजूला होती. दहा मिनिटांत १ नॉटचा प्रवाह होडीला ३०० मीटरहून जास्त वाहून नेतो. प्रवाह आडवा असेल तर वर काढलेले कोनही थोडे वाकडे येतात.

भोपाळच्या तलावात भरती-ओहोटी नाही, त्यामुळे तिथे फोनचा वेग जवळपास पाण्यातलाच वेग असतो. मुंबईत तसं धरून चालत नाही. म्हणून मुंबईत सराव करणाऱ्याने ट्रॅकच्या नावात तारखेबरोबर भरतीची वेळही लिहावी. आणि प्रवाह मोजायची एक सोपी युक्ती आहे: बुडतं-तरंगतं राहील असं काहीतरी, उदाहरणार्थ पाण्याने जवळजवळ भरलेली बाटली, होडीशेजारी पाण्यात सोडा, तिच्याबरोबर शीड सैल सोडून दोन मिनिटं राहा. ती जिकडे जाते आणि तिच्याजवळ राहताना फोन जो वेग दाखवतो, तो प्रवाह. (बाटली परत उचला, समुद्रात टाकून येऊ नका.)

एक फोन गोष्ट सांगतो, दोन फोन कारण सांगतात

वरच्या सगळ्या अडचणींवर एक साधा इलाज आहे. जोडीने सराव करा. दोन सारख्या होड्या, दोन फोन, एकाच वेळी, एकाच पाण्यात, शेजारी शेजारी. आता वारा दोघांना तोच, प्रवाह दोघांना तोच. म्हणून दोन ट्रॅकमधला *फरक* घेतला की वारा आणि प्रवाह बऱ्याच अंशी कटतात आणि फक्त तुमचं कसब उरतं. इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये आपण ‘कंट्रोल’ ठेवायचो, तेच तत्त्व.

पद्धत अशी ठेवा:

- पाच मिनिटं दोघांनी काहीही न बदलता चालवायचं. कोण किती पुढे जातं ते बघायचं.
- मग एकानेच *एकच* गोष्ट बदलायची. शीड थोडं घट्ट ओढा, किंवा शरीर थोडं जास्त बाहेर काढून होडी सपाट ठेवा. दुसऱ्याने काही बदलायचं नाही.
- पुन्हा पाच मिनिटं. दोघांमधलं अंतर किती बदललं?
- घरी येऊन जे जमलं ते एका ओळीत लिहून ठेवायचं.

एका वेळी तीन गोष्टी बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते देवालाही सांगता येणार नाही.

दोन ट्रॅक एकत्र नकाशावर चालवून बघायला रेसक्यूएससारखी खास शिडाच्या शर्यतींची अ‍ॅप्स आहेत. फक्त ट्रॅक हवा असेल तर अँड्रॉइडवर जीपीएस लॉगर हे मोफत अ‍ॅप पुरतं. होडी किती कलते ते बघायचं असेल तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स अ‍ॅप फोनमधल्या अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोपचे आकडे देतं. मात्र लाटांमुळे हे आकडे खूप नाचतात, तेव्हा एकेक सेकंद न बघता दहा-वीस सेकंदांची सरासरी घ्या.

आणि स्वतः हिशेब करायचा असेल तर गुगल शीट्स पुरेसं आहे. तीन कॉलम: वेग, ट्रॅकची दिशा, वाऱ्याची दिशा. चौथ्यात वेग गुणिले दोन दिशांच्या फरकाचा कोसाइन. एक सावधगिरी: शीटमधलं कोसाइनचं सूत्र अंश घेत नाही, रेडियन घेतं. ४२ तसेच दिलेत तर उत्तर चक्क उणे येईल आणि होडी उलटी चाललीय असं वाटेल. आधी अंशांचं रेडियनमध्ये रूपांतर करा.

पाण्यात उतरण्याआधी फोनची तयारी

- बॅटरी सेव्हर बंद करा. स्क्रीन बंद झाली की बरेच फोन मागे चाललेलं अ‍ॅप गुपचूप मारतात. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपसाठी बॅटरीची बंधनं काढा, नाहीतर तासाभराच्या सरावातली दहाच मिनिटं नोंदलेली सापडतील.
- नोंद सेकंदाला एक. काही अ‍ॅप्स मुळातच दर पाच-दहा सेकंदांनी नोंद घेतात. तेवढ्यात अख्खा टॅक होऊन जातो.
- वॉटरप्रूफ फोन म्हणजे समुद्रप्रूफ नाही. कंपन्या चाचणी गोड्या पाण्यात घेतात. वेगळी झिपवाली पाऊच वापरा आणि ती लाइफ जॅकेटच्या वरच्या खिशात, दोरीने बांधून ठेवा.
- ऊन. भर उन्हात बंद पाऊचमध्ये फोन तापतो आणि स्वतःहून बंद होतो. डेकवर उघडा ठेवू नका.
- होकायंत्रावर भरवसा नको. मॅग्नेटवालं कव्हर असेल तर फोनचं होकायंत्र चुकतं. दिशा जीपीएस ट्रॅकवरून घ्या.
- किनाऱ्यावर दोन मिनिटं थांबा. नोंद सुरू करून फोनला नीट जागा पकडू द्या, मग निघा.

जुना, स्क्रीनला तडा गेलेला फोन घरी पडलेला असेल तर या कामाला तोच उत्तम. सिम कार्डही लागत नाही. फक्त मदतीला फोन करता येईल अशी सोय सोबतच्या मोटरबोटीत असू द्या.

शर्यतीत फोन चालतो का?

इथे सांभाळून. या खेळाच्या नियमांत बाहेरून मदत घ्यायला बंदी आहे, आणि छोट्या होड्यांच्या बऱ्याच प्रकारांत शर्यत चालू असताना इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर बंधनं असतात. काही ठिकाणी फोन फक्त बंद खिशात चालतो, काही ठिकाणी अजिबात नाही. त्या त्या स्पर्धेचं नियमपत्रक वाचल्याशिवाय फोन होडीत नेऊ नका. बाद होण्यापेक्षा एक ट्रॅक कमी असलेला परवडला.

अर्थात वरच्या पातळीवर चित्र वेगळं आहे. २०१३ च्या अमेरिकाज कप शर्यतीत होड्यांची जागा अवघ्या २ सेंटिमीटरपर्यंत मोजून टीव्हीवर रेषा काढल्या जात होत्या. दुसरं टोक म्हणजे गोल्डन ग्लोब रेस. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. तिथे खलाशाला जीपीएस बघायला पूर्ण बंदी, सूर्य-तारे बघून जागा काढायची. पण होडीवर ट्रॅकर मात्र असतो, त्यामुळे घरी बसलेल्या तुम्हाला होडी कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं आणि खुद्द खलाशाला नाही! २०१८ मध्ये भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी या शर्यतीत गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन उतरले होते. हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. होडी कुठे आहे हे माहीत असल्यामुळेच एवढ्या मोठ्या समुद्रात त्यांना शोधता आलं. पुढच्या वेळी, २०२३ मध्ये, त्यांनी हीच शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली.

म्हणजे शर्यतीचा नियम काहीही असो, सराव करताना किनाऱ्यावरच्या कुणाशी तरी लाइव्ह लोकेशन शेअर करून ठेवणं ही चांगली सवय. त्याला मात्र नेटवर्क लागतं, हे विसरू नका.

ट्रॅक शेअर करण्याआधी

ट्रॅकमध्ये फक्त शर्यत नसते. घरून निघताना नोंद सुरू केली असेल तर तुमच्या घराचा पत्ता त्यात असतो. आणि मुंबईत शिडाच्या होड्या जिथे चालतात तिथे आजूबाजूला नौदल आणि लष्कराच्या जागा आहेत. २०१८ च्या सुरुवातीला स्ट्रावा अ‍ॅपच्या जागतिक नकाशावरून वेगवेगळ्या देशांचे लष्करी तळ ओळखता येतात हे लोकांच्या लक्षात आलं होतं. कारण काय, तर सैनिक व्यायाम करताना अ‍ॅप चालू ठेवायचे. तेव्हा नोंद पाण्यात उतरल्यावरच सुरू करा, आणि इन्स्टावर टाकण्याआधी ट्रॅकची दोन्ही टोकं कापा.

होडी नसेल तर?

आमच्या नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगावचं मोठं धरण होतंय. तिथे उद्या शिडाच्या होड्या येतील की नाही ते सरकार जाणे. पण डेटा वाचायची सवय आजच लागू शकते, तीही शाळेच्या मैदानावर.

दोन टोकांमध्ये १०० मीटर अंतर मोजा. समजा, वारा समोरच्या टोकाकडून येतोय आणि तुम्ही होडी आहात. ट्रॅक सुरू करा आणि ४५ अंशात तिरकं चालत, मध्ये वळत, समोरच्या टोकाला पोचा. ताशी ५ किलोमीटरने चाललात तर सरळ रस्त्याने ७२ सेकंद लागले असते. नागमोडीने अंतर १४१ मीटर होतं आणि वेळ लागतो सुमारे १०२ सेकंद. फोन पूर्ण वेळ ‘५’ दाखवत राहील, पण टोकाकडची तुमची खरी प्रगती असेल ताशी ३.५. आता मित्राला ४० अंशात चालायला सांगा, पण जरा हळू. कोण आधी पोचेल याचा अंदाज आधी वहीत लिहा, मग चाला, मग फाईल उघडून कोसाइन लावून बघा.

दोन फोन, एक मैदान, अर्धा तास. अंदाज चुकला तर कोन पुन्हा तपासा.